द्वारपालाचे डोळे

तीन वर्षं दर रविवारी मी बारामतीहून एसटीनं कळसला गेले, ते फक्त डोळे शिकायला. देवळांच्या भिंतींवर जुन्या पद्धतीनं चित्रं काढणारे आमच्या भागात एकटे आबाच उरले होते. मी शाळेत चित्रकला शिकवते हे कळल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी मला टोमणा मारला, "बाई, तुमच्या डिग्रीत डोळं शिकवत न्हाईत व्हय?"

आबांची रीत अशी, की डोळे सगळ्यात शेवटी उघडायचे, म्हणजे रंगवायचे, आणि तेव्हा जवळ कुणी थांबायचं नाही. मी चुना घोटला, गेरू वाटला, दागिने रंगवले, मिशा काढल्या. डोळ्यांची वेळ आली की मला बाहेर पिटाळत. मला भयंकर राग यायचा. शेवटी शेवटी तर डोळे सोडून सगळं माझ्याकडूनच करून घेत.

मागच्या उन्हाळ्यात मारुतीच्या देवळात दाराच्या दोन्ही बाजूंना द्वारपाल काढले. त्या दिवशी आबा म्हणाले, "आज थांबा हितंच. डाव्याचं डोळं मी उघडतो, उजव्याचं तुमी. माझ्यासारखंच." मी आनंदानं कुंचला धुऊन तयार ठेवला.

आबांनी कुंचला टेकवला तो भुवईच्या पार खाली, थेट गालावर. एक डोळा, मग दुसरा. हात जरासुद्धा अडखळला नाही. त्यांना दिसत नव्हतं, आणि हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. ओल्या चुन्यानं रंग पिऊन टाकला होता, पुसायची सोयच नव्हती.

"कसं दिसतंय?"

"छान, आबा."

उजव्याचे डोळे जागेवर काढले असते, तर डाव्याची चूक उघडी पडून सगळं गाव आबांना हसलं असतं. म्हणून मीही ते गालावरच काढले, नीट मापून.

आठवड्यानं गेले तर देवळातल्या मंडळींनी दोघांवरही चुना फासला होता. बाईंनी दोन्ही चित्रांची वाट लावली, असं त्यांनी आबांना सांगितलं होतं. आबा ओट्यावर बसले होते. माझा आवाज ऐकून म्हणाले, "मी उघडलेल्या डोळ्यांवर कुंचला फिरवलात तुमी?"

नाही म्हणाले असते, तर खरं काय ते त्यांना कळलं असतं.

"हो, आबा."

त्यांनी तोंड फिरवलं. मग म्हणाले, "तुमाला आज शिकवायचं, उद्या शिकवायचं म्हणत हुतो. बरं झालं समदं न्हाय शिकवलं. आता येत जाऊ नका."