डाव्या मनगटाची जागा

गल्लीतल्या बायका तिला शिवणमावशी म्हणत. जिन्याखालच्या खोलीत पायाचं मशीन, शेजारी कापडं बेतायचं टेबल आणि डाव्या मनगटाला बांधलेली टाचण्यांची गादी, एवढा तिचा पसारा. मोबाइल होता, पण तो कायम कुणाच्या तरी अस्तराखाली पडलेला. मशीन सुरू झालं की त्याने कितीही कंठशोष केला तरी मावशीच्या कानावर जात नसे.

शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारा तिचा मुलगा त्यामुळे वैतागे. आठवडाभर फोन करून थकला की रविवारी स्वतःच येऊन थडके. "फोन उचलायला काय होतं गं तुला?" इथून भांडण सुरू होई. भांडता भांडता तो जेवे, जेवता जेवता ऑफिसातली गाऱ्हाणी सांगे आणि उन्हं कलल्यावर जाई. मावशीचा आठवडा या भांडणावर निघे.

मग मुलाला शहाणपण सुचलं. त्याने आईला स्मार्टवॉच आणलं. "आता मेसेज आला की मनगटावर थरथरेल. काही सुटायचं नाही."

खरंच काही सुटेना. घड्याळ भलतंच काळजीवाहू निघालं. खिडकीशी बसलेल्या मावशीला ते आभाळ आल्याचं कळवी. दिवसभर पायाने मशीन हाकणाऱ्या बाईला 'बराच वेळ बसून आहात, थोडी हालचाल करा' म्हणे. "मेल्या, तू हाकून बघ," मावशी पुटपुटे.

मुलाचा मेसेज येई, 'जेवलीस?' मावशी अंगठ्याचं चित्र दाबे. 'बरी आहेस?' पुन्हा अंगठा. मुलगा निर्धास्त झाला. आईची खबर बसल्याजागी मिळत असताना रविवारी तंगडतोड कशाला? तो यायचा थांबला. गिऱ्हाइकं म्हणत, "नशीबवान आहात मावशी, मुलगा दिवसातून चारदा विचारतो." मावशी ओठांत टाचण्या धरून नुसतं हं म्हणे. तिला मुलाची फार आठवण येई, आणि घड्याळाचा राग.

एकदा शेजारणीच्या झग्याची खालची पट्टी दुमडताना मावशीने जादाची टाचणी काढली आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने डाव्या मनगटात खुपसली. घड्याळ आल्यापासून गादी टेबलावर गेली होती, हे हाताला कोण सांगणार? टाचणी काचेवरून घसरली ती थेट मांसात. मावशीने घड्याळ उतरवून बटणांच्या खणात टाकलं, गादी पुन्हा मनगटाला बांधली आणि कामाला लागली. घड्याळ खणात थरथरत राहिलं.

संध्याकाळी मुलगा धापा टाकत दारात उभा. "सकाळपासून मेसेज करतोय. एकालाही अंगठा नाही. माणसाने काय समजायचं?"

"बस आधी," मावशी म्हणाली. त्याचा घामेजलेला चेहरा बघून तिला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त बरं वाटलं. "घड्याळ बिघडलंय."

मुलगा घड्याळ घेऊन बसला. मावशीने कुकर लावला. बटणं दाबता दाबता त्याने नव्या साहेबाचा तिरसटपणा सांगितला. जिने चढताना गुडघा दुखतो, हेही सांगितलं. यातलं काहीच आजवर मनगटावर थरथरलं नव्हतं.

"आई, यात काही बिघडलेलं नाही."

"नीट बघ पुन्हा," मावशी म्हणाली आणि ताटं घ्यायला उठली.