सलग जागा

आमची ताई पूरनियंत्रण कचेरीत आहे. नदी फुगली तर पाणी कुठवर चढेल, हे ती संगणकावर काढते. शहराचे बारीक चौकोन पाडायचे, प्रत्येकाची उंची आकड्यांच्या एका भल्यामोठ्या तक्त्यात भरायची आणि गणित चालू करून द्यायचं. त्या तक्त्याला ती अ‍ॅरे म्हणते. आकड्यांशी तिचं चांगलं जमतं, माणसांशी बेताचंच.

यंदा कोणती घरं हलवायची, ते तिच्या नकाशावरून ठरणार होतं. आणि संगणकाने हात वर केले: मेमरी अपुरी.

"रिकामी आहे रे, पण तुकड्यातुकड्यांत," ताई वैतागून म्हणाली. "अ‍ॅरेला सलग लागते. बसेन तर एका ओळीत, असा हट्ट."

साहेबांनी तोडगा काढला, "चौकोन मोठे करा. त्यात काय एवढं?"

केले. शहर सुखाने मावलं आणि आमची गल्ली कोरडी ठरली. गल्ली खोलगट, मागे टेकडी. दोन्ही एकाच चौकोनात आल्या आणि सरासरी उंचीने आमची गल्ली बसल्या जागी टेकडीवर चढली. तिथेच आमची आई अंथरुणाला खिळलेली.

"एकच भाग बारीक पाडता येतो," ताई म्हणाली. "बाकी शहर मोठ्या चौकोनांतच राहणार."

"मग आपला पाड."

"गोदामांमागची वस्तीही अशीच खोलगट आहे."

"ती बुडेल कशावरून?"

"तेच कळत नाही ना. बघायला जागाच नाही. गणिताची एक फेरी चार दिवस चालते आणि नकाशा शुक्रवारी द्यायचाय."

"साहेबांना सांग."

"सांगितलं. म्हणाले, तोंडी चालत नाही, नकाशात दाखवा."

तिने आमचा भाग बारीक पाडला. पाणी खिडकीच्या वर निघालं. आम्हाला चौथ्या मजल्यावर घर मिळालं आणि मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू. ताई मात्र धड जेवेना. वस्तीसाठी नवी फेरी मागितली, तर साहेब म्हणाले, "मंजूर झालेलं उकरू नका."

आता नदी चढू लागली की ती कचेरीतून परस्पर गोदामांमागे जाते. दारोदार सांगते, सामान आवरा, वर चला. काल मीही सोबत होतो. एका आजोबांनी तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजूत घातली, "घाबरू नकोस, पोरी. आमची वस्ती कोरडी आहे. सरकारी नकाशा आहे."

भिंतीवर तो चिकटवलेला होता. खाली ताईची सही.