रखमाबाईचा घाणा

दिनांक ९ मे २०१४, शुक्रवार. सकाळी कामावर चार बायका. दुपारी जिवंत एक.

ती एक म्हणजे मालन दळवी, राहणार मोहने. तेव्हा तिचे वय त्रेचाळीस होते. डोंबिवली पूर्वेला, शीळफाट्याच्या रस्त्यापासून थोडे आत, परशुराम पालवकरांचे मसाला कांडप केंद्र आहे. तिथे ती तेव्हा नऊ वर्षे काम करत होती आणि आजही करते. मिरच्या भाजून, धणे-खसखशीसह विजेवरच्या मुसळांच्या डंकात कुटून, वस्त्रगाळ चाळून, वर्षाचा मसाला डब्यात भरून देणे हा तिथला धंदा. होळी झाली की सुरू होतो आणि जूनच्या तोंडावर थांबतो. त्या तीन महिन्यांत मालनच्या हाताची आग रात्रीही विझत नसे. भाकरी थापताना ती पिठाला उतरे आणि तिची मुलगी शिवानी पहिल्या घासाला पाणी मागे.

या कामात एक रीत आहे. प्रत्येक घराची मिरची वेगळी, प्रमाण वेगळे, आणि आपल्या मालात दुसऱ्याचा माल मिसळेल हा संशय मात्र सगळ्या घरांत सारखा. म्हणून डंकात नवा घाणा, म्हणजे एका वेळी कुटायचा माल, टाकण्याआधी कांडपवालीने मालकिणीच्या नावाने मोठ्याने हाक द्यायची: ‘सावंतबाईंचा घाणा!’ हाक ऐकली की ती बाई बाकावरून उठते, डंकापाशी येऊन उभी राहते आणि शेवटची चाळण होईपर्यंत हलत नाही. हाक पडली की तो माल तिचा. शेठसुद्धा मग त्याला हात लावत नाही. हाकेला कुणी उठले नाही, तर घाणा टाकायचा नाही. मालनचा आवाज खडा होता. हाका तिच्याकडे होत्या.

त्या हाकेनेच ती वाचली. शेजारी नवी इमारत उठली होती आणि तिथल्या रहिवाशांनी मिरचीच्या ठसक्याविरुद्ध अर्ज केला होता. म्हणून परशुरामशेठ पुढचे शटर कमरेपर्यंत खाली ओढून ठेवत आणि गिऱ्हाइके बाहेर पत्र्याच्या सावलीत बसत. नाव पुकारायला मालनला शटरखालून वाकून बाहेर जावे लागे. त्या दुपारी ती तशीच वाकून बाहेर आली, तिने हाक दिली, आणि मागे शटरलगतच्या भट्टीचा सिलिंडर पेटला. पुढून वाट उरली नाही. चाळीस किलो मिरचीचा धूर म्हणजे काय, हे ज्याने एक मिरची तव्यावर जळताना हुंगली आहे त्याने स्वतःशी ताडून पाहावे.

मागे एक दार होते. आठ दिवसांपूर्वी थोडा माल कमी भरला होता. बायका मागच्या दाराने पुड्या लांबवतात असे परशुरामशेठांच्या मनाने घेतले होते. ते जेवायला घरी जाताना त्या दाराला बाहेरून कुलूप लावून, किल्ली खिशात टाकून जात. आग कळल्यावर ते धावत आले, मागे गेले, त्यांनी कुलूप काढले आणि गटारात टाकले. त्यांच्या मागोमाग वळसा घालून आलेली मालन गटाराच्या काठाशी उभी होती. हे तिने पाहिले. आणखी कुणी पाहिले नाही.

रखमाबाई, शालू आणि गुलाब मोरीपाशी सापडल्या.

पोलिसांच्या जबाबात मालनने सही केली ती या वाक्याखाली: ‘मागील दार उघडे होते.’ शिवानी तेव्हा दहावीला होती. परशुरामशेठ तिला एवढेच म्हणाले होते, ‘मालन, कांडप राहिलं तर सगळ्यांचं राहील.’ दार उघडे असूनही तीन बायका घाबरून पाण्याकडे धावल्या, असे ठरले. प्रकरण मिटले. कुणाच्या घरी काय पोहोचले आणि काय नाही याचा हिशेब इथे मांडायचा नाही. तो मांडून जे निघते त्याने मूळ गोष्ट झाकली जाते.

मूळ गोष्ट टिटवाळ्याला राहत होती. रखमाबाईचा नवरा महिपत दर वर्षी नऊ मेला मोहन्याला येई, मालनच्या ओट्यावर बसे, पाणी पिई आणि तेच विचारी.

‘दहा पावलांवर दार होतं ना गं?’

‘होतं, भाऊ.’

‘मग मोरीत कशाला शिरली? एवढी शहाणी बाई. आयत्या वेळी अक्कल गेली.’

अकरा वर्षे तो मेलेल्या बायकोच्या मूर्खपणावर चिडत होता, आणि ते चिडणे त्याला मालनच्या सहीने मिळाले होते. तो उठून गेला की मालन त्याचा पेला दोनदा घासत असे.

गेल्या वर्षी परशुरामशेठांना पक्षाघात झाला आणि धंदा त्यांचा मुलगा सलिल आणि सून ऋजुता यांच्याकडे आला. ऋजुता व्यवस्थापनशास्त्र शिकलेली, कष्टाळू, बोलायला गोड. बायकांना पंखे तिनेच लावून दिले, हे नमूद केले पाहिजे. मोठ्या कंपन्यांच्या तयार पाकिटांपुढे कांडप टिकायचे असेल तर लोकांना मसाला नव्हे, गोष्ट विकावी लागते, असे ती म्हणे. तिने पोटमाळ्यावर भिंतींना फोम चिकटवून खोली केली, दोन माइक आणले आणि पॉडकास्ट सुरू केला. नाव ठेवले ‘राखेतला ठसका’. पहिल्या भागात सलिलने सांगितले, ‘त्या आगीत आमचं सगळं गेलं. बाबा शून्यावर आले.’ तिघींचा उल्लेख एकदा आला: ‘आमच्या टीममधले तीन मेंबर.’ पुढच्या वाक्यात घरपोच मागणीचा नंबर होता.

मालनने तो भाग शिवानीच्या फोनवर ऐकला. ऐकता ऐकता ती उठली आणि मोरीपर्यंत जाऊन परत आली.

‘काय झालं गं आई?’

‘काही नाही. मेंबर म्हणे. गुलाबला साधं शाळेतसुद्धा कुणी मेंबर केलं नव्हतं.’

मार्चमध्ये ऋजुताने तिला पोटमाळ्यावर बोलावले.

‘मालनमावशी, तुम्ही आमच्या सगळ्यात सीनियर. लोकांना खरी माणसं ऐकायचीयत. एकदम नॅचरल बोला, हां. घाबरू नका.’

‘खरं बोलायचं?’

‘ऑफकोर्स खरं! खरंच तर चालतं आता.’

मालनने दोन दिवस विचार केला. अकरा वर्षांत तिला कुणी खरे बोल म्हणून विचारले नव्हते. आता विचारले जात होते, यंत्रासमोर, हजारो लोक ऐकणार असताना. महिपतही ऐकेल. तोंडावर सांगायला जे धैर्य लागते ते तिच्यापाशी नव्हते. या माइकने ते उसने मिळेल असे तिला वाटले. तिने ठेवणीतले नऊवारी लुगडे नेसले.

ऋजुताने कानांवर हेडफोन चढवले. सलिल बाजूला लॅपटॉप घेऊन बसला.

‘तर मावशी, त्या भयंकर दिवशी बाबांनी तुमचा जीव कसा वाचवला?’

‘शेठनी नाही वाचवला. शेठ जेवायला गेलेले. मी गिऱ्हाइकाला हाक मारायला बाहेर आलेले, म्हणून वाचले.’

‘ओके, ओके. परत घेऊया. म्हणजे बाबा धावत आले ना? तिथून सांगा.’

‘धावत आले. मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. ते काढायला आले.’

ऋजुताने नवऱ्याकडे पाहिले. तिला हे खरोखर ठाऊक नव्हते. सलिलच्या चेहऱ्यावर मात्र आश्चर्य नव्हते. ते नाही हे मालनने पाहिले आणि ओळखले की हा मुलगा गेली काही वर्षे ते कुलूप ठाऊक असूनच जेवतो आहे.

‘हे काढून टाक,’ तो बायकोला म्हणाला. मग मालनकडे वळून, अगदी मऊ आवाजात, ‘मावशी, बाबा अंथरुणाला खिळलेत. आता कशाला? लोकांना पॉझिटिव्ह ऐकायचं असतं. चला, खाली जाऊ, डंकाचा आवाज घेऊ. तेवढं द्या.’

ऋजुता काहीतरी बोलणार होती. तिने माइकची वायर गुंडाळली आणि मग ती बोलली नाही. नंतरही बोलली नाही. सुशिक्षित माणसाचे मौन असे असते: एक वायर नीट गुंडाळण्याइतका वेळ त्याला पुरतो.

खाली चित्रणासाठी फोन उभा केला गेला. मालन डंकापाशी उभी राहिली. तिने टोपल्यातली मिरची उचलली आणि कामाच्या रीतीने, खड्या आवाजात हाक दिली:

‘रखमाबाईचा घाणा!’

थांबली. मग, ‘शालूचा घाणा!’ आणि मग, ‘गुलाबचा घाणा!’

तिच्या हिशेबी याहून मोठी साक्ष नव्हती. डंकापाशी नाव पुकारले की ते नाकारता येत नाही. मालाला मालकीण लागते, हाकेला माणूस उठावे लागते, आणि कुणी उठले नाही तर ‘का उठली नाही’ असे कुणीतरी विचारणारच. ऐकणारे विचारतील, अशी तिची खात्री होती. सलिलच्या मानेची शीर ताठ झाली. पण ऋजुता फोनमध्ये पाहत होती आणि तिचा चेहरा नकळत उजळला होता.

चार दिवसांनी ती पस्तीस सेकंदांची चित्रफीत पसरली. लाल पूड सावकाश उडत होती, खाली बासरी वाजत होती, आणि नऊवारीतली बाई तीन नावे पुकारत होती. वर अक्षरे: ‘आम्ही गिऱ्हाइकाला नंबरने नाही, नावाने ओळखतो.’ साडेचार लाख लोकांनी ती पाहिली. कांडपाची रीत ज्यांना माहीत होती त्यांनी रीतीप्रमाणेच ऐकले: पुकारलेली बाई म्हणजे गिऱ्हाईक, ती बाकावर बसली असणार, उठून आली असणार. तिघी मेलेल्या बायका मालनच्याच हाकेने तीन समाधानी गिऱ्हाइके झाल्या.

खाली लोक लिहीत होते: ‘किती गोड!’, ‘रखमाबाई लकी आहे’, ‘मावशी, माझंपण नाव घ्या ना.’

मग योजनाच निघाली. दोन किलोच्या वर मागणी दिली की मावशी तुमच्या नावाने हाक देणार आणि ती फीत तुमच्या फोनवर येणार. एप्रिलभर मालनने दिवसाला चाळीस-चाळीस नावे पुकारली. ऐरोलीची कुणी, पुण्याची कुणी, दुबईची कुणी. समोर माणूस नसे, बाक रिकामा असे, पुष्कळदा डंकात मिरचीही नसे. टोपलीत वरवर थर आणि खाली पोते. नाही म्हणावे असे तिला रोज वाटे आणि रोज ती म्हणत नसे. हे लपवून तिचे चित्र उजळ करण्यात अर्थ नाही. पहिली सही तिने भीतीने केली होती. हे ती सवयीने करत होती. संध्याकाळी घसा बसलेला असे, आणि थुंकीला मिरचीची नव्हे, कसलीतरी गोडसर चव येई. तिची तिला किळस वाटे.

यंदाच्या नऊ मेला महिपत आला तो हसत. अकरा वर्षांत प्रथमच. पाणी न पिताच त्याने पिशवीतून फोन काढला.

‘सान्वीनं दाखवलं. पुतणीची पोर. सगळ्या टिटवाळ्यात फिरतंय बघ! रखमाचं नाव घेतलंस तू. काय खणखणीत घेतलंस!’

‘भाऊ...’

‘ऐक तर. आमच्या शेजारची नवी बाई म्हणते, तुमची रखमाबाई मसाला घ्यायला एवढ्या लांब जाते होय? मी म्हटलं, जाते बाई, जाते.’ तो पुन्हा हसला आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांचे काठ ओले झाले. ‘नाव मोठं झालं तिचं. अक्कल मात्र आयत्या वेळी... जाऊ दे. दहा पावलांवर दार.’

मालन ओट्यावरून उठली. हाकेला उठतात तशी उठली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

‘दाराला कुलूप होतं, भाऊ. बाहेरून. किल्ली शेठच्या खिशात. ते नंतर येऊन काढलं, मी बघितलं. पाण्याकडे गेल्या, कारण दुसरीकडे जायला काही नव्हतंच. रखमाबाई शहाणीच होती. मी सही खोटी केली.’

महिपत फोनकडे पाहत राहिला. तिथे फीत आपोआप पुन्हा सुरू झाली होती आणि मालन पुन्हा त्याच्या बायकोला हाक मारत होती. त्याने फोन उलटा करून ओट्यावर ठेवला.

‘अकरा वर्षं मी तिला शिव्या दिल्या,’ तो म्हणाला.

‘हो.’

‘तू पाणी देत होतीस मला.’

‘हो.’

त्याने तिला शिवी दिली नाही, क्षमाही केली नाही. पेला न उचलता तो स्टेशनच्या दिशेने चालू लागला. फोन ओट्यावरच विसरला. तो शिवानीने धावत जाऊन दिला.

सोमवारी मालनने पोलीस ठाण्यात अर्ज दिला की, २०१४ सालचा माझा जबाब खोटा आहे. अर्ज शिवानीने लिहिला. कागद घेणाऱ्याने तो वाचला, तिच्याकडे नीट पाहिले आणि विचारले, ‘त्या रीलवाल्या मावशी ना तुम्ही?’ मग पोहोच दिली.

पॉडकास्टचे एकोणीस भाग झाले आहेत. नावांची योजना चालू आहे. हाका आता दुसरी बाई देते. मालन चाळणीवर आहे. तिला काढलेले नाही, कारण गिऱ्हाइके तिला विचारत येतात.

जबाबात आजही ‘मागील दार उघडे होते’ असेच आहे. रखमाबाई, शालू आणि गुलाब यांना ‘मागच्या दाराला बाहेरून कुलूप होते’ एवढे एक वाक्य द्यायचे आहे. ते अजून दिलेले नाही.