अनसिंगच्या चित्रातला चौथा

हाताने रंगवलेली तसबीर मागणारी माणसं त्या काळी दोन प्रकारची असत. एक, ज्यांच्या घरचं कुणी गेलं आणि मागे चेहरा राहिला नाही. दुसरी, ज्यांनी पहिल्यांचं पाहून वेळीच शहाणपण घेतलं. अनसिंग गावचे तिघे भाऊ दोन्हींतले. वडील गेले तेव्हा त्यांची काठी, पागोटं, पानाचा डबा सगळं घरात होतं. चेहरा तेवढा कुठे नव्हता. म्हणून थोरल्याने ठरवलं, आपण तिघं तरी भिंतीवर राहू. आणि मला वाशिमहून आणायला बैलांची दमणी पाठवली.

गिऱ्हाइकाकडे गेलो की मी आधीच सांगून टाकत असे. रोज तेच कपडे. काम संपेपर्यंत हजामत नाही. बसल्यावर तोंडात पान नाही. माझ्यामागे उभं राहून चित्र बघायचं नाही. हे सांगून मी कॅनव्हास ताणायला घेतला, तेवढ्यात आतल्या दाराआडून म्हातारी आई बोलली. तिघांचं चित्र निघणार नाही. तीन तिघाडा, काम बिघाडा. गावात कुणी तीन भाऊ असेच एका चित्रात बसले होते, चौकट यायच्या आत घरात तीन चुली झाल्या.

थोरला आईच्या शब्दाबाहेर नव्हता. मग चौथा कोण, यावर ओसरीत बैठक बसली. आई स्वतः बसेना. विधवा बाईने शुभाच्या चित्रात येऊ नये, असं तिचं म्हणणं. सुना परक्यासमोर यायच्या नव्हत्या. मधल्याने आपला मुलगा पुढे केला, तर थोरल्याला मुलीच होत्या, त्याला त्यात भलताच वास आला. मी म्हटलं, तुमचा सालदार गडी उभा करा, हातात काठी देऊ, शोभेल. थोरला म्हणाला, "आज तो चित्रात उभा राहीन, उद्या हिस्सा मागन." त्याने स्वतः खिल्लारी बैल सुचवला. मधल्याने विचारलं, बैलाला खुर्ची द्यायची की आपण खाली बसायचं? धाकटा काही बोलला नाही. तो मोठ्यांसमोर बोलतच नसे.

माझी एक सवय होती. गिऱ्हाईक बसायला येईपर्यंत मी सुट्या कागदांवर माणसं काढत असे, कुठेच नसलेली. अशा माणसाचं वय, धंदा आणि दुखणं आधी मनात पक्कं करावं लागतं, नाही तर चेहरा धरत नाही. थोरल्याची नजर त्या कागदांवर गेली.

"हे कोन लोक हायेत?"

कुणी नाहीत, मनाचे आहेत, मी म्हटलं.

"मंग यातलाच एक घ्या ना. जो नाईच, तो हिस्सा कायले मागते?"

दोघा भावांनी कागद ओसरीत पसरले आणि बाजारात बैल पाहावा तसे ते चेहरे पाहिले. एक सावकारासारखा दिसतो म्हणून गेला. एक बांधाच्या भांडणातल्या शेजाऱ्यावर गेला म्हणून उलटा ठेवला. शेवटी एक कपाळाला बारीक आठी असलेला गृहस्थ पसंत पडला. थोरला म्हणाला, याच्या डोक्यात काही तरी मोठं चालू आहे. मी तो पोटदुखीचा माणूस म्हणून काढला होता. ते सांगायची गरज नव्हती.

कागद आत गेला आणि आईच्या सूचनेसह परत आला. "याले आमच्या घरचं नाक द्या. नाईतर लोक म्हनतीन, हा कोनाचा?" तिघांचं नाक एकच होतं, मधे उंचवटा आणि टोक खाली. तेच मी चौथ्याला दिलं. पोटदुखीचा माणूस त्या नाकाने एकदम खानदानी दिसायला लागला.

काम सुरू झालं आणि माझ्या अटी एकेक करून गेल्या. भावकीत कुणी वारलं, थोरल्याने मिशी उतरवली. मधल्याला बाजार असे. तो आपला कोट खुंटीला लावून जाई आणि कोटावरून काढा म्हणे. धाकटा मात्र रोज वेळेवर बसे, पण चेहऱ्यावर इतकी काळजी की मला ती पुसून पुसून रंगवावी लागली. त्याचं वय तिशीकडे झुकलं होतं. एका ठिकाणी पत्रिका जमली नव्हती, दुसऱ्या ठिकाणी मुलीकडे सुतक आलं होतं. आता शिरपूरचं स्थळ चालू होतं, आणि हे हुकलं तर पुन्हा कुणी दारात येणार नाही, असं तो मला रंग वाळताना हळूच सांगायचा.

एकटा चौथाच हलत नव्हता, उठत नव्हता, पान खात नव्हता. त्यामुळे चित्रात तो सगळ्यांत चांगला उतरला. कुठूनही पाहा, आपल्याकडेच बघत असे. भाऊ खुश झाले. चित्र ओसरीत दाराच्या समोर लागलं.

पुढच्याच आठवड्यात शिरपूरहून मुलीचे वडील घर बघायला आले. मध्यस्थाने त्यांना तीन भाऊ, तीन वाटे असं सांगितलं होतं. त्यांनी घर पाहिलं, गोठा पाहिला, विहीर पाहिली. मग ओसरीत बसून चित्र पाहिलं आणि बोटांवर मोजलं. चहा तसाच ठेवून ते उठले. चार भाऊ म्हणजे चार वाटे, आणि पाव शेतीच्या घरात आपण मुलगी देत नाही, असा निरोप दुसऱ्या दिवशी आला.

थोरला मला घेऊन शिरपूरला गेला. मी कागद बरोबर नेले आणि मुलीच्या वडिलांपुढे ठेवले. पाहा, हा माणूस मी आधी मनातून काढला, मग चित्रात घातला.

त्यांनी कागद उजेडात धरला. "म्हंजे हा तुमच्यासमोर दोनदा बसला."

बसला नाही, मी म्हटलं, हा नाहीच.

"आन् नाक?"

नाक मागाहून घातलं.

"मास्तर, नाक काही बाहेरून येत नसते," ते म्हणाले, आणि थोरल्याच्या नाकाकडे बघून कागद परत दिला. त्यांचा राग चार भावांवर नव्हता, चौथा लपवला यावर होता. लपवला म्हणजे तो वाटा मागणारा असणार.

माणूस आहे असं दाखवणं हा माझा धंदा होता. माणूस नाही असं कसं दाखवायचं, ते मला येत नव्हतं. आपण अनसिंगच्या लोकांनाच विचारा, असं मी सुचवलं, आणि तिथेच चुकलो. त्यांनी खरंच एक माणूस पाठवून चौकशी केली. चित्र लागल्यापासून अर्धं गाव ओसरीत येऊन ते पाहून गेलं होतं. शेजारच्या म्हातारीने सांगितलं, त्याच्या बाळंतपणाला गरम पाणी मीच दिलं होतं, लय रडका होता. न्हाव्याने सांगितलं, डोकं मोठं आहे त्याचं, वेळ लागतो. कुणी खोटं बोलत नव्हतं. एवढ्या ओळखीच्या चेहऱ्याला ओळखत नाही म्हणणं त्यांना बरं दिसेना.

घरी वेगळीच चर्चा. मधला म्हणाला, पुसून टाका त्याला, झाडाची कुंडी काढा तिथे. मी तयार होतो. अर्ध्या दिवसाचं काम. पण म्हातारी दाराआडून कडाडली. पुसला की पुन्हा तीन. आणि घरात लग्नाचं बोलणं चालू असताना माणूस पुसायचा? थोरल्याने विचारलं, मेला असं सांगितलं तर? म्हातारी म्हणाली, मग सुतक पाळावं लागेल, वर्षभर लग्न नाही. साधू झाला म्हटलं तर? साधू झालेले परत येतात, आणि येतात ते नेमके पेरणी झाल्यावर. धाकटा खांबाला टेकून हे सगळं ऐकत होता. संध्याकाळी मला दमणीपर्यंत पोहोचवायला आला आणि म्हणाला, "मास्तर, माह्यं लग्न मोडून राह्यलं, आन् मोडनारा जल्मलाच नाई. मी भांडू कोनाशी?"

सुटका केली ती मुलीच्या वडिलांनीच. ते आपण होऊन पुन्हा आले. मी त्या दिवशी चौकटीला पॉलिश करायला गेलो होतो, म्हणून माझ्यासमोर घडलं. ते बसले, पाणी प्यायले, आणि समजूत काढावी तशा आवाजात बोलू लागले. आपण विचार केला. माणूस चित्रात आहे, गावाला माहीत आहे, पण घरात दिसत नाही, आणि घरचे त्याचं नाव काढत नाहीत. याचा अर्थ एकच.

"दत्तक देला ना त्याले? मोगलाईत?"

पैनगंगेपलीकडच्या निजामाच्या मुलखाला आमच्याकडे मोगलाईच म्हणत. तिकडे गेलेला माणूस आणि बैल परत सापडत नाही असा समज होता. आणि दत्तक गेलेल्याचा जन्मघरच्या शेतीत वाटा उरत नाही, हे शाळा न पाहिलेल्यालाही ठाऊक होतं.

थोरला पान लावू लागला. मधला छताकडे बघत होता. मी फडकं हातात धरून उभा. पाहुणे वाट बघत होते.

"हो," धाकटा म्हणाला. "दत्तकच गेला."

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मोठ्यांसमोर तो पहिल्यांदा बोलला होता, आणि तेही एवढं ठाम.

"मंग सांगाचं ना बाप्पा. यात लाजाचं काय?" मुलीचे वडील मोकळे झाले. त्या घराशी तुमचं बिनसलं असेल, लग्नाला बोलावू नका, आपली काही हरकत नाही, असंही त्यांनी आपणच सांगून टाकलं. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला. निघताना चित्रासमोर थांबून म्हणाले, चांगल्या घरी पडला, तब्येतीवरूनच दिसतं.

लग्न झालं. आहेरात शिरपूरच्यांनी चौथ्यासाठीही एक उपरणं दिलं. ते कुणाला द्यावं हे न कळून म्हातारीने चौकटीच्या खिळ्याला अडकवलं.

दोनेक महिन्यांनी धाकटा वाशिमला माझ्या दुकानात आला. तब्येत सुधारली होती, पण कामाशिवाय आला नव्हता.

"त्याचं वय काय, मास्तर?"

कुणाचं?

"त्याचं."

मग कळलं ते असं. नवी सून संध्याकाळी ओसरीत दिवा लावायला येई. नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, म्हणजे भासऱ्यासमोर, डोक्यावरून पदर पुढे ओढायची रीत. घरातले दोघे भासरे तर उठून बाहेर जात. चित्रातला जात नव्हता. ती एका हाताने पदर धरी, एका हाताने समई, आणि तेल सांडे. दोनदा पदराला ज्योत लागता लागता राहिली. धाकट्याने न राहवून तिला खरं सांगितलं होतं, हा माणूस नाहीच, मास्तरच्या मनचा आहे.

मी विचारलं, मग काय म्हणाली?

"म्हने, नसू द्या. पन पाहून तर राह्यला ना? आन् बाबाले सांगू नका, त्याइले वाईट वाटन."

म्हणून आता एकच मार्ग होता. तो धाकट्याहून लहान असला तर भासरा न राहता दीर होईल, आणि दिरासमोर पदराचं एवढं बंधन नाही. पण ते ठरवणार कोण? आई म्हणाली, मला विचारू नका, मी त्याला जन्म दिला नाही. थोरला म्हणाला, ज्याने काढला त्याला विचारा. मी धाकट्याला विचारलं, तुम्हाला सोयीचं कोणतं? तो म्हणाला, लहान. मी म्हटलं, मग लहान.

पण मी त्याच्या कानशिलावर चार पांढरे केस काढले होते. पोटदुखीच्या माणसाला ते शोभतात. धाकट्याहून लहान माणसाला शोभणार नव्हते. रंग घेऊन पुन्हा अनसिंगला गेलो. दुपारभर केस काळे केले, कपाळाची आठी थोडी सैल केली, डोळ्यांखालची सावली काढली. पाठीमागे आतल्या दाराआड बांगड्या वाजत होत्या. थोड्या वेळाने नव्या सुनेचा आवाज आला, कानाजवळ अजून दोन राहिलेत. पाहिलं तर होते. तेही काळे केले.

दिवेलागणीला ती समई घेऊन आली. पदर पार कपाळाखाली ओढलेला, हात आखडलेला, ज्योत हलत होती. क्षणभर मला वाटलं, सगळी मेहनत फुकट गेली. मग लक्षात आलं, पदर माझ्यासाठी आहे. मी ब्रश गोळा केले, डबा उचलला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.