कंडेन्सरचं पाणी

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या होत्या, नळाला मात्र पाणी नव्हतं. मी नांदेडहून तिथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर म्हणून रुजू झाले, तर प्रयोगशाळेत कुलूप रसायनांच्या कपाटाला नव्हतं, पाण्याच्या पिंपाला होतं.

द्रवाचा उत्कलनबिंदू काढायचा म्हणजे तो चंबूत उकळायचा, थर्मामीटरचा पारा कुठे स्थिरावतो ते बघायचं आणि निघालेली वाफ कंडेन्सरमधून नेऊन पुन्हा थंड करायची. कंडेन्सर म्हणजे काचेच्या नळीभोवती दुसरी नळी. आतून वाफ जाते, बाहेरून थंड पाणी. इतर ठिकाणी हे पाणी मोरीत सोडून देतात. आमच्याकडे ते पिंपातून रबरी नळीने यायचं, खाली बादलीत पडायचं आणि बादली भरली की आमचे शिपाईमामा स्टुलावर चढून ते परत पिंपात ओतायचे. दिवसभर तेच पाणी फिरायचं. संध्याकाळी ते पाळीपाळीने एकेकजण घरी न्यायचा. गाळून, तुरटी फिरवून भरलेलं आणि नुसतं काचेतून जाऊन आलेलं. गावात याच्याइतकं स्वच्छ पाणी नाही, असं आम्ही सगळे शिकलेले लोक मानत होतो.

मामांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आठवा महिना लागला होता. त्या आठवड्यात सगळ्यांनी आपापली पाळी मामांना देऊन टाकली. मीही दिली, आणि चार जणांना ते सांगितलंही.

त्याच आठवड्यात नायट्रोबेंझिनचा प्रयोग होता. हा पिवळसर, तेलकट द्रव दोनशे दहा अंशांच्या आसपास उकळतो. वास थेट कडू बदामाचा, आणि पोटात गेला तर विष. इतक्या गरम वाफेला पाण्याचा कंडेन्सर लावायचा नसतो, काच तडकते. हवेवर थंड होणारी साधी लांब नळी लावतात. विद्यार्थ्यांना हे मीच शिकवायचे. पण आमची साधी नळी फुटली होती, नवी यायला महिना गेला असता, आणि मला दम कुठला. ‘काही होत नाही,’ म्हणाले आणि पाण्याचाच कंडेन्सर लावला.

दुपारी कुठेतरी टिक् असा बारीक आवाज आला. वळून पाहिलं तर सगळं जागच्या जागी. खाली जमलेला द्रव जरा दुधाळ दिसला. भांडं ओलं राहिलं असेल म्हणून मी तो रोजच्या काटकसरीने बाटलीत परत ओतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंप भरता भरता मामा म्हणाले, “मॅडम, कालच्या पाण्याला बदामाचा वास येऊन राहिला होता. पोरगी म्हणली, बाबा, लई शाही पाणी आणलंव.”

“मग खीर करायला सांगा तिला,” मी म्हणाले. दोघंही हसलो. त्या खोलीत सगळ्यालाच तो वास होता, माझ्या पदरालासुद्धा.

दुपारी तीनच्या सुमारास शेवटच्या टेबलावरची मुलगी वही घेऊन आली. कालच्याच बाटलीतला द्रव तिने उकळला होता आणि उत्कलनबिंदू लिहिला होता नव्व्याण्णव. मी तिला सगळ्यांसमोर झापलं, पुन्हा करायला लावलं. पुन्हा नव्व्याण्णव. ती रडवेली झाली तेव्हा मी स्वतः उभी राहिले. पारा नव्व्याण्णवपर्यंत चढला आणि तिथेच बसला.

नायट्रोबेंझिनमध्ये पाणी मिसळलेलं असलं की दोन्ही मिळून शंभराच्या जरा खाली उकळतात. म्हणजे कालच्या बाटलीत पाणी शिरलं होतं. मी कंडेन्सर उतरवून खिडकीशी धरला. आतल्या नळीला केसाएवढी चीर होती. पाणी तिथून आत गेलं, आणि पिंप रिकामं होऊन धार थांबली की आतलं विष त्याच चिरेतून बाहेर येत राहिलं. बादली तिरपी केली. तळाशी पिवळे तेलकट थेंब होते.

मामा कुठे आहेत, असं विचारलं. मुलीचं डोकं दुखतंय म्हणून ते तासापूर्वीच कॅन भरून गेले होते. तो तास मी त्या पोरीला झापण्यात घालवला होता.

रिक्षा करून मामांच्या घरी पोचले तेव्हा ऊन अजून उतरायचं होतं. मुलगी उंबऱ्यातच बसली होती. “बसा की, मॅडम,” म्हणत भिंतीला धरून ती उठली आणि पाणी घेऊन आली. त्या दिवसांत लातुरात पाहुण्याला अर्धा पेला मिळायचा. तिने काठोकाठ भरून आणला होता. तिचे ओठ जांभळं खाल्ल्यासारखे दिसत होते. नखंही तशीच. पेला हातात घेतला आणि मला वास आला.

“हे कधीपासून पितेस?”

“कालपासून हेच की. बाबा म्हणतेत, पोटातल्याला चांगलं हाय.”

मामा आत होते, त्यांना हाक मारली. दवाखान्यात नेताना रिक्षात मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मुलीचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवून घेतलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं, काय प्यायलं? मामांनी माझ्याकडे पाहिलं. माझी नोकरी अजून कायम झालेली नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

“आडाचं पाणी, साहेब,” ते म्हणाले.

मी गप्प राहिले. डॉक्टरांनी तेच लिहून घेतलं, नर्सला सलाईन लावायला सांगितलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. मी माझ्या पगारावर चालणाऱ्या नांदेडच्या घराचा विचार करत होते, हे लिहायला लाज वाटते, पण तोच करत होते. नर्सने रक्त काढलं. ते चॉकलेटी निघालं. सुई धरून ती बघत राहिली, तेव्हा माझ्या तोंडून नायट्रोबेंझिनचं नाव निघालं.

त्यांनी ऑक्सिजन लावला, कुठूनतरी त्या विषावरचं एक निळं इंजेक्शन मागवून दिलं. तिसऱ्या दिवशी मुलीचे ओठ पुन्हा ओठांसारखे झाले. पोटातलं बाळ राहिलं नाही. मी गप्प बसले तेवढ्या वेळाने काही फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. मी फिरूनफिरून विचारलं म्हणून म्हणाले असतील.

माझी चौकशी झाली, नोकरीही राहिली. मामा निवृत्त होईपर्यंत कॉलेजात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, “या मॅडमनी टायमावर सांगितलं, म्हणून माझी पोरगी हाय.” मी तिथेच उभी असायचे. तेव्हाही मी काही बोलले नाही.