मिरचीच्या गोदामातले ठोसे

बॉक्सिंगमध्ये माणूस रिंगणात असतो जेमतेम काही मिनिटं. बाकी सगळा वेळ वाट बघण्यात जातो. पट्टे बांधून बसा, वजन करून बसा, नाव पुकारतील म्हणून बसा. अशा बसण्यातच किस्से साठतात. आमच्या नंदुरबारच्या क्लबातले तर इतके साठलेत, की चहाला चौघे जमलो की घरी जायची आठवण राहत नाही. गंमत म्हणजे एकही किस्सा शौर्याचा नाही. सगळे घाबरण्याचेच!

क्लब म्हणजे पत्र्याचं गोदाम. पूर्वी तिथे लाल मिरची भरायचे. मिरची गेली, पण तिचा खकाणा भिंतीत, छतात मुरलेला. कुणी बॅगेवर जोरात ठोसा मारला की वरून बारीक धूळ झडायची आणि सगळे शिंकत सुटायचे.

आमचे भिका सर फौजेतून रिटायर होऊन आलेले. त्यांचा एकच धोशा, "डोया मिटू नका! जो ठोसा दखास, तो निम्माच लागस!"

मी डोळे चोळत म्हणालो, "सर, इथे काहीच दिसत नाही!"

"मंग पुरा लागी!"

*

सरांनी आढ्याला वाळूची पुरचुंडी टांगली होती. ती झोका घेत नाकावर यायची आणि आपण डोकं जरासं बाजूला घ्यायचं. याला म्हणायचं स्लिप. पुरचुंडी कान घासून गेली पाहिजे. वीतभर लांब पळालात तर सर ओरडायचे. कारण स्लिप पळण्यासाठी नसतेच. समोरच्याचा हात रिकामा गेला, तो पुढे झुकला, की त्याच क्षणी आपला ठोसा. तो काउंटर.

पुरचुंडीसमोर मी हिरो होतो. मग एक दिवस सरांनी समोर हिरालालला उभं केलं. हिरालाल तापीकाठच्या शेतकऱ्याचा मुलगा. केळीचे घड उचलून उचलून खांदे असे झालेले की दारातून तिरका यायचा.

त्याने उजवा हात मागे घेतला. मी डोळे गच्च मिटले आणि डोकं हलवलं. नेमकं ठोशाकडे!

शुद्धीवर आलो तेव्हा सर चेहऱ्यावर पाणी मारत होते.

"तू ठोसा चुकाडा नही, भो. तू त्याले भेटाले गया!"

*

हिरालाल कुणाला घाबरत नसेल, असं मला वाटायचं. मग धुळ्याच्या स्पर्धेत त्याचं नाव पुकारलं आणि हिरालाल गायब! शोधत शोधत सर आणि मी संडासापाशी पोचलो.

"हिरालाल, भाईर ये."

"सर, दार जाम व्हयी गयं!"

सरांनी धक्का दिला. दार हलेना. दोघांनी मिळून रेटलं. आतून हिरालाल कळवळून ओरडतोय, "कडी अडकनी, सर, कडी!"

शेवटी दार उघडलं. हिरालाल दोन्ही हातांनी ते आतून धरून उभा होता, घामाने निथळत. सरांनी दार वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"हिरालाल, या दारले कडीच नही शे."

त्या दिवशी तो जिंकला. समोरच्याला पहिल्याच फेरीत लोळवलं. पण आल्यावर सर म्हणाले, "त्यानापेक्षा दारनी बरा टिकाव धरा!"

*

सुनीता आली ती धडगावकडून. इथल्या मुलींच्या वसतिगृहात राहायची. घरी पावरी बोलणारी, आमच्याशी मात्र शाळेतल्या पुस्तकासारखं शुद्ध मराठी. पहिल्याच दिवशी सरांनी पुरचुंडी सोडली. हिने डोकं बोटभर हलवलं. पुरचुंडी कान घासून गेली. परत आली, परत बोटभर.

सर बघतच राहिले. "कोनी शिकाडं?"

"कुणी नाही सर. आम्ही घाटातून जीपच्या मागे लटकून यायचो. फांद्या यायच्या तोंडावर."

"मंग पुरं खाली का नही वाकत?"

"जास्त हललं की हात सुटतो, सर."

तिच्या गावच्या कुणाचा तरी हात सुटला असावा. आम्ही विचारलं नाही.

*

तिच्याशी हलक्या हाताने खेळायला सरांनी हिरालालला सांगितलं. तीन फेऱ्या झाल्या. बाहेर आला तो पांढराफटक.

मी म्हणालो, "लागलं का रे?"

"एक बी लागना नही," तो म्हणाला. "पन मी मारस, नि पुढे कोनीच नही! अंधारामा जिना उतरतांना पायरी सापडत नही ना, तसं. मी नही आते तिनासंगे खेळत."

*

मे महिन्यातली गोष्ट. सुनीताची पहिली मोठी लढत. सर तिच्या हनुवटीखाली हेडगार्डचा पट्टा बांधत होते आणि तो काही केल्या बांधला जाईना.

सुनीता हळूच म्हणाली, "सर, थंडी वाजतेय का?"

*

ही लढत खापरला, एका मंगल कार्यालयात होती. समोर तिथलीच रेश्मा. सुनीतापेक्षा उंच, धडाडीची. तिचे वडील पहिल्या रांगेत उभे. पांढरा सदरा, जाड मिशा, सगळ्या हॉलवर त्यांचाच आवाज. "मार तिले, रेश्मा! पुढे सरक!"

पहिल्या फेरीत सुनीता नुसतीच चुकवत राहिली. दुसऱ्या फेरीत वडील ओरडले आणि रेश्मा सगळा जीव लावून डावा मारत पुढे आली. सुनीताने डोकं बोटभर बाजूला घेतलं. रेश्माचा ग्लोव्ह कान घासून गेला. आणि सुनीताचा उजवा निघाला.

आवाज फारसा झाला नाही. रेश्मा बसली आणि मग आडवी झाली. पंच मोजत होते, मोजणं मध्येच सोडून त्यांनी डॉक्टरला हाक मारली. हॉलमध्ये फक्त पंख्यांची घरघर. वडिलांचा आवाज बंद झाला होता.

आम्ही दवाखान्यात मागोमाग गेलो. सर नको म्हणत होते, सुनीता ऐकेना. हातांचे पट्टेही तिने सोडले नव्हते. बाकावर बसून उजव्या हाताकडे बघत ती सारखं एकच म्हणत होती, "मी जोरात मारला नाही, सर. तीच माझ्या हातावर आली. तिचं सगळं वजन लागलं मला."

सरांनी पाण्याची बाटली पुढे केली. तिने ती न उघडताच बाकावर ठेवली.

कॉरिडॉरच्या टोकाला रेश्माचे नातेवाईक जमले होते. त्यांतला एक जण आमच्याकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाला. हिरालाल उठून सुनीताच्या पुढे उभा राहिला.

बऱ्याच वेळाने खोलीचं दार उघडलं. वडील बाहेर आले. डोळे लाल. इकडे तिकडे न बघता थेट आमच्याकडे चालत आले. सर मधे गेले, "भाऊ, मन्हं ऐका..." त्यांनी सरांना हाताने बाजूला केलं. हिरालाल आपण होऊनच बाजूला झाला.

सुनीता उभी राहिली. हात खाली.

त्यांनी हात उचलला.

मी डोळे मिटले नाहीत, म्हणून सांगतो. सुनीताने डोकं बोटभरसुद्धा हलवलं नाही.

तो हात तिच्या खांद्यावर पडला आणि त्यांनी तिला दाराकडे ओढलं.

"चाल मधमा," ते म्हणाले. आवाज पार बसला होता. "डोया उघडात तिनी. तवयपासून एकच इचारी ऱ्हायनी, तो उजवा कोठून उना?"