रेडिएटर कुणी भरला

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, पण ते हसण्यासाठी. कुणाला पिंपळाखाली पांढऱ्या लुगड्यातली बाई दिसते, कुणाचा मेलेला चुलता दार वाजवतो... एवढं सगळं दिसणाऱ्या या मंडळींना गावकुसाबाहेरची जिवंत माणसं मात्र दिसत नाहीत. आमच्या घरात देव्हारा नव्हता. बाबा महाडच्या बाजारातून मिठाबरोबर छापील पत्रकं आणायचे आणि मी ती अंगणात उभा राहून वस्तीला वाचून दाखवायचो. अक्षरं मी त्या पत्रकांवरच गिरवली. त्यामुळे कुणी देवाची किंवा भुताची गोष्ट सांगायला लागला की माझ्या तोंडून पहिला शब्द निघतो तो 'पुरावा'. आजही तोच निघतो. तरीही हे लिहितो आहे, कारण आंबेनळी घाटातल्या एका जागेबद्दल हल्ली जे सांगितलं जातं ते खोटं आहे, आणि तिथे खरं काय घडलं ते सर्वांत जवळून मी पाहिलं आहे.

मी मोटार ड्रायव्हर आहे. महाडजवळच्या एका महारवाड्यातला. एवढं वाचून ज्यांना मासिक खाली ठेवायचं असेल त्यांनी खुशाल ठेवावं.

ड्रायव्हिंग मामाने शिकवलं. तो लढाईत बसऱ्याकडे पलटणीची लॉरी हाकत होता, परत आल्यावर मुंबईत एका कारखान्याची. त्याच्या हाताखाली उमेदवारी केली तेव्हा कित्येक महिने त्याने मला चाकाला हात लावू दिला नाही. आधी तेल, हवा, पाणी. पेट्रोल फडक्यातून गाळून घे. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेव, इंजिनाने उलट झटका दिला तर अंगठा जायचा. चढावर मोटार उभी केलीस तर चाकामागे दगड लाव आणि तिला सोडून कुठे जाऊ नकोस. आणि तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतू नकोस, लोखंड तडकतं. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा.

लायसन्ससाठी अलिबागला गेलो. साहेबाने डोळे तपासले, बांबूंच्या मधून मोटार मागे घ्यायला लावली, चढावर थांबवून पुन्हा काढायला लावली, हाताच्या खुणा विचारल्या. जात विचारली नाही. भाड्याची मोटार चालवायची म्हणून पितळी बिल्लाही मिळाला. तो छातीवर लावून मी वस्तीत आलो त्या दिवशी बाबा धोतराच्या सोग्याने तो पुसत बसले. माझ्या पाठची पोरं विचारू लागली, आम्हाला पण मिळेल का? मी म्हटलं, मी टिकलो तर मिळेल.

नोकरी नानाशेटकडे लागली. नाव बदललं आहे. त्यांची सर्व्हिस दासगाव बंदरावर बोटीचे उतारू घ्यायची, महाड-पोलादपूर करायची आणि उन्हाळ्यात घाट चढून महाबळेश्वरपर्यंत जायची. ते म्हणाले, "मला जातीपातीचं काही नाही हो. पॅसेंजरला असतं. तू आपणहून सांगू नकोस, म्हणजे झालं."

"आणि कुणी विचारलं तर?"

"तर हॉर्न वाजव." मग हसणं थांबवून म्हणाले, "माझी अट एकच. मोटार घाटात उभी राहता कामा नये. उभी राहिली की दुसऱ्या दिवशी दुसरा ड्रायव्हर. आणि मग तुमच्या लोकांतला पुन्हा कुणी माझ्याकडे पाठवू नकोस."

म्हणजे मोटार उभी राहिली असती तर माझ्याबरोबर त्या पोरांचाही रस्ता बंद.

सांगायची गरज पडलीच नाही. मी कोण हे कळलं तशी क्लीनरने आठवड्यात नोकरी सोडली आणि जाता जाता सगळ्या बाजाराला कारण सांगितलं. तेव्हापासून टपावर सामान चढवणं, चाकाला दगड लावणं, पाणी भरणं, सगळं माझ्याच अंगावर.

तो दिवस चैत्राच्या अखेरीचा. पोलादपूरला सावित्रीच्या पात्रातून मी पाण्याचा डबा गच्च भरून घेतला आणि पुढच्या सीटमागे ठेवला. मोटार भरलेली. माझ्या मागेच एक पंत बसले होते, कचेरीतून निवृत्त होऊन हवापालटाला निघालेले. त्यांच्या शेजारी काशीबाई, घाटातल्या एका वाडीची म्हातारी, मुंबईला गोदीत असलेल्या लेकाकडून परत येत होती. तिने पुढे वाकून मला निरखलं आणि म्हणाली, "तू धर्मा म्हाराचा पोर ना रे? नाक त्याचाच हाय."

"हो, काशीबाय."

"मंग नीट हाक. बापासारखा तोंड चालवू नको."

पंतांनी आपला फराळाचा डबा उचलून मांडीवर घेतला.

कापड्याला दोन उतारू उतरले. मी टपावर चढून त्यांची बोचकी काढत होतो. खाली कसला तरी आवाज झाला, पण मी लक्ष दिलं नाही. तिथून पुढे घाट लागला. ऊन डोक्यावर, चढ छातीवर, वारा पाठीमागून. काशीबाईची वाडी जवळ आली तेव्हा रेडिएटरच्या टोपणातून वाफ सुटायला लागली. मी वळण ओलांडून मोटार कडेला घेतली, ब्रेक ओढला, चाकामागे दगड लावला, फडकं धरून तोंड वळवून टोपण उघडलं. वाफेचा भपकारा गेला आणि मग काहीच नाही. गवताची लांब काडी आत घातली. कोरडी निघाली.

डबा घ्यायला गेलो तर तो हलका लागला. रिकामा.

"यातलं पाणी काय झालं?"

पंत म्हणाले, "मी ओतलं. हिंदकळून माझ्या फराळावर उडत होतं."

"कधी?"

"मघाशी, कापड्याला. तू वर होतास. सांगणार होतो."

घाट चढायच्या आधी मोटारीचं पाणी ओतून देणारा माणूस मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. आपल्या देशातच सापडेल असा.

रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर वाडीचं पाण्याचं टाकं. खडकात खोदलेलं, चैत्रातही भरलेलं. मी डबा घेऊन निघालो तसा राघो आडवा आला. वाडीतला हा वजनदार माणूस; त्याने मला बाजारात पाहिलं होतं, मी कोण ते त्याला ठाऊक होतं. मागून आणखी चारपाच जण.

"कुठं रे?"

"मोटारीला पाणी पाहिजे. मला नको."

"मोटारीची जात कंची?" मागचे हसले.

"ती विलायतेत जन्मली. तिच्या पंपात चामडं आहे. सकाळपासून तिच्यात बसून आलेल्यांना विचार, कुणी बाटलं का?"

"बघा," राघो पंतांना म्हणाला, "तोंड बघा याचा."

मी पंतांकडे वळलो. "मग तुम्ही तरी भरून द्या डबा. तुमच्या हाताने."

"मी? पाणी भरणं ड्रायव्हरचं काम. तुमच्या नियमांत असेल ना?"

"आहे."

"मग कर."

काशीबाई बोचकं सांभाळत उतरली. "राघो, वरनं वत की रे. लांबनं. माणसा उन्हात मरायची."

राघोने विचार केला. लोकांसमोर मोठेपणा मिरवायची संधी कोण सोडतो? "वततो. लांबनं वततो. पण आधी तो बिल्ला काढून खाली ठेव, आणि वाकून जोहार घाल. तुजा आजा घालायचा तसा."

मला माहीत होतं काय पणाला लागलं आहे. वाकलो असतो तर मोटार चालली असती, नोकरी राहिली असती, पोरांचा रस्ता राहिला असता. पण तो वाकलेला रस्ता त्यांना दाखवून मी काय करणार होतो? बिल्ला काढून जी नोकरी टिकवायची ती बिल्ल्याची नोकरीच नव्हे.

मी म्हटलं, "माझा आजा जोहार घालायचा कारण त्याच्याजवळ लायसन्स नव्हतं."

आणि डबा घेऊन परत आलो. खाली नदीवर जाऊन येणं शक्य होतं, पण भर चढावर पॅसेंजरांसकट मोटार सोडून ड्रायव्हरने जायचं नसतं. मी उतारूंना विचारलं, कुणी जाता का? कुणी हललं नाही. राघोने त्यांना सावलीत बसवलं, टाक्याचं गार पाणी दिलं, गूळही दिला. मी मोटारीपुढे रस्त्यात बसलो, रेडिएटरकडे तोंड करून. टोपण मडगार्डवर ठेवलेलं. मोटारीजवळ मी सोडून कुणी नव्हतं. बॉनेट तापून तडतडत होतं. पंत मोठ्याने सांगत होते की नानाशेटना आजच कळवतो, असल्या लोकांच्या हाती माणसांचे जीव...

तेवढ्यात आवाज आला.

आवाज पाणी ओतल्याचा. भरलेली घागर उंचावरून रिती करताना तिच्या गळ्यातून येतो ना, गटगट, मध्येच अडकून पुन्हा सुटणारा — तसा. आणि तो रेडिएटरच्या आतून येत होता. पंतांचं बोलणं मध्येच तुटलं, म्हणजे त्यांनीही ऐकला. मी उठलो. तोंडाच्या वर काही नव्हतं. ना हात, ना भांडं, ना धार. नुसतं ऊन. आत मात्र पाणी चढत होतं. माझ्या डोळ्यांदेखत ते गळ्यापर्यंत आलं, काठ ओलांडला, जाळीवरून ओघळून नंबराच्या पाटीवर आलं आणि तिथून खाली फुफाट्यात. मग आवाज थांबला. आपण पुरे म्हटल्यावर वाढणारा हात थांबतो, तसा.

मी बोटं घातली. गार. खडकातल्या झऱ्यासारखं गार. तापलेल्या इंजिनात असं पाणी पडलं की लोखंड तडकतं, आणि मी तो तडकण्याचा आवाज ऐकायला थांबलो. आला नाही. वाफसुद्धा उठली नाही.

सांगतो, मला आनंद झाला नाही. राग आला. कुणावर, ते तेव्हा कळलं नाही.

राघो पुढे आला, वाकून पाहिलं, मागे सरला. "करणी," तो म्हणाला. "करणी केलीन म्हारानं." एक दगड मडगार्डवर येऊन आदळला. मी टोपण लावलं, हँडल मारलं, अंगठा जागच्या जागी ठेवून. इंजिन पहिल्या झटक्याला धरलं. करणीच्या मोटारीत कोण बसणार असं मला वाटलं होतं. वाडीची काशीबाई सोडून सगळे बसले. सर्वांत आधी पंत.

घाट चढून वर आलो. इंजिन एकदाही तापलं नाही. वरती मी तळाची तोटी सोडून पाहिलं: सगळ्या रेडिएटरांतून निघतं तसंच तांबूस, गंजाचं पाणी. नानाशेटकडे कुणी तक्रार केली की नाही ठाऊक नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "पोचली ना?" पोचली. बिल्ला जागेवर राहिला. माझ्या पाठचा एकजण आज अलिबागच्या परीक्षेची तयारी करतो आहे.

आता पुरावा. मी स्वतःला सोडलेलं नाही. वाफेचं पुन्हा पाणी होतं, कबूल, पण जेवढं उडालं त्याहून जास्त कसं होईल? शिवाय वाफ माझ्यासमोर हवेत गेली होती. खालचा झरा? पाणी मोटारीत चढत नसतं. कुणी ओतलं? मी समोर होतो. मला भास झाला म्हणावं तर पंतांना झाला, राघोला झाला, वीस माणसांना झाला, आणि ओल्या फुफाट्यालाही झाला. मुंबईच्या एका जाणत्या मेकॅनिकला विचारलं. तो म्हणाला, "त्या दिवशी काय प्यायला होतास?" मी म्हटलं, पाणीसुद्धा मिळालं नव्हतं, तोच तर सगळा घोळ.

मामालाही विचारलं. तो म्हणाला, "लोखंड तडकलं नाही, हे मला पटत नाही."

माझ्याकडे उत्तर नाही. हे लिहायला मला लाज वाटते, पण नाही.

ज्याचं उत्तर आहे ते मात्र सांगतो. भरलेलं टाकं हाकेच्या अंतरावर असताना रेडिएटर अधांतरीच्या पाण्याने का भरावा लागला, त्याला ना भूत लागतं ना देव. त्याची कारणं तिथे सावलीत बसून गूळ खात होती.

आणि पुढचंही ऐका. पाणी ओघळून जिथे पडलं तिथे काशीबाईने दुसऱ्याच दिवशी हळद वाहिली. पंधरवड्यात करणीची कृपा झाली. एक दगड आला, त्याला शेंदूर आला, वर पत्रा आला, राघो पुजारी झाला. कडक उन्हातही तिथली माती ओली असते म्हणून लोक नवस बोलतात. ती ओली का असते ते मला ठाऊक आहे, पत्र्यामागे ठेवलेली राघोची घागर मी पाहिली आहे. वाडीचं नाव म्हणूनच लिहीत नाही. लिहिलं तर जत्रा भरेल. आमच्या माणसांना त्या दगडाच्या जवळ जायला मनाई आहे, हे वेगळं सांगायला नको.

पॅसेंजर तिथे थांबायचा आग्रह धरतात, म्हणून नानाशेटनी थांबा दिला आहे. मी चाकामागे दगड लावतो. माझ्याकडे आता पाण्याचे दोन डबे असतात आणि दोन्ही मी पायाशी ठेवतो. राघो तांब्या-पळी घेऊन खिडकीखिडकीशी येतो, एकेकाच्या तळहातावर तीर्थ घालतो. मग पुढे येतो, बॉनेटवर पळीभर ओततो, हात जोडतो, आणि माझ्या बाजूला न येता मोटारीला वळसा घालून परत जातो.